दोन घावांमधला पाव सेकंद

"काकाजी, तुमी जहाजावर तोफा सांभाळल्या म्हन्ता. मंग हे एक हातोडं धड बसवून देता येत नाई का?"

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात, भर दुकानासमोर, चार माणसांत खात्यानं, म्हणजे लोहारानं, हे विचारलं. नौदलातून निवृत्त होऊन मी गावी परतलो त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. जहाजावर माझं काम तोफांच्या बैठकींची देखभाल. तेल बदलणं, गळती शोधणं, स्प्रिंगा तपासणं. आराखडे काढणारे वेगळे, आम्ही त्यांच्या आराखड्यांची धुणी धुणारे. पण गावात एकदा 'तोफवाले काकाजी' नाव पडलं की पडलं. समुद्र इथून कित्येक कोस लांब, तरी लोकांना वाटतं की ज्यानं तोफ पाहिली त्याला हातोडा म्हणजे किरकोळ.

किरकोळ नव्हता. मी तो एकदा चुकीचा बसवला, आणि का चुकला हे कळायला पंधरा दिवस लागले. हे सगळं त्याबद्दल आहे. तोफांचे जे आकडे खाली येतील ते उघड छापलेले आहेत. नोकरीतलं गुपित यात काही नाही.

खात्यानं जुना पॉवर हॅमर घेतला होता. वर मोटारीच्या कमानीसारखे पट्टे, मोटर आणि पट्टा, खाली ऐरण. पायडल दाबलं की 50 किलोचं डोकं धडाधड पडतं. मोबाईलवर व्हिडिओ काढून मोजलं तर पूर्ण दाबल्यावर मिनिटाला 240 घाव, म्हणजे सेकंदाला चार. वखराची पास (माती कापणारं पातं), डवऱ्याची पास, विळे, कुऱ्हाडी हे त्याचं काम, आणि गर्दी मृगाच्या आधी. हातानं दिवसभरात होणारं काम आता दोन तासांत होत होतं.

शेजारी भिंतीला भिंत लागून एका म्हातारीचं मातीविटांचं घर. तिची तक्रार साधी होती. "बाप्पा, तुह्या हातोड्यानं माह्या घरातली उतरंड नाचते. भिताडाले फट पडली." फट हॅमरचीच होती असं मी छातीठोक म्हणणार नाही. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हातभर भेगा पडतात. इथल्या अर्ध्या भिंतींना फटी हातोड्याविनाच पडलेल्या आहेत. पण उतरंड नाचते हे मी स्वतः पाहिलं. वरचं गाडगं घावागणिक टकटक करत होतं.

हॅमर विकणाऱ्यानं तो चार फूट बाय तीन फूट बाय दोन फुटांच्या काँक्रीटवर थेट मातीत बसवून दिला होता. काँक्रीट साधारण सोळाशे किलो, यंत्र आठशे. म्हणजे सगळं मिळून अडीच टनांच्या आतबाहेर.

आता तोफेकडे येतो, कारण माझं डोकं तिथूनच चाललं.

आपल्या नौदलाच्या अनेक जहाजांवर पुढच्या डेकवर 76 मिलिमीटरची तोफ दिसते. मूळ इटलीच्या ओटो मेलाराची रचना, आपल्याकडे भेल या सरकारी कंपनीच्या हरिद्वारच्या कारखान्यात बनते. पूर्ण वेगात मिनिटाला 120 गोळे. गोळा सुमारे सहा किलोचा, नळीबाहेर पडताना वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास. सहा गुणिले नऊशे, म्हणजे 5,400 एवढा संवेग (वजन गुणिले वेग, धक्क्याचं माप) गोळा पुढे घेऊन जातो आणि तेवढाच तोफेच्या वाट्याला मागे येतो. बारुदाचा वायू जो वेगळा ढकलतो तो यात धरलेला नाही. हा धक्का पाच हजारांश सेकंदात थांबवायचा म्हटलं तर डेकवर 110 टनांचा भार आल्यासारखं होईल. तोच दहाव्या हिश्श्याच्या सेकंदावर पसरला तर साडेपाच टन. धक्का तेवढाच, वेळ वीसपट, जोर विसाव्या हिश्श्यावर. म्हणून तोफ तिच्या पाळण्यात मागे सरकू देतात. तेलाचं सिलिंडर तिला रोखतं, स्प्रिंग किंवा दाबलेली हवा तिला पुन्हा जागेवर आणते. फ्रेंचांनी 1897 च्या त्यांच्या 75 मिलिमीटरच्या मैदानी तोफेत हेच केलं. त्याआधीच्या तोफा दर बार उडाल्यावर चाकांसकट मागे जायच्या आणि माणसं त्या ढकलून पुढे आणायची.

इथवरचं कुणालाही समजतं. धक्का लांबवा, जोर कमी होतो. खात्यालाही समजलं. "म्हंजे खाली गादी टाकाची," तो म्हणाला. मीही तेच म्हणालो. दोघंही अर्धवट बरोबर होतो.

कारण एकच घाव असता तर गादीनं भागलं असतं. मिनिटाला 120 गोळे म्हणजे दोन गोळ्यांमध्ये अर्धा सेकंद. त्या अर्ध्या सेकंदात तोफेनं मागे जायचं, थांबायचं, परत यायचं आणि शांत व्हायचं. गादी जितकी मऊ तितकी ती सावकाश परतते. पुढचा गोळा सुटताना तोफ झुलतच असेल तर तो धक्का जुन्या झोक्यावर चढतो. जलद मारा करणाऱ्या तोफेच्या बैठकीचा खरा हिशेब धक्क्याचा नसून दोन धक्क्यांमधल्या रिकाम्या वेळाचा असतो. आमच्या हातोड्याला तो वेळ पाव सेकंद होता.

हे मला माहीत होतं, आणि तिथेच मी हुशारी करायला गेलो.

दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर ओर्लिकोन नावाची 20 मिलिमीटरची विमानविरोधी तोफ हजारोंनी होती, मिनिटाला साधारण 450 गोळ्यांची. तिच्यातली युक्ती मला नेहमी आवडत आली. तिचा जड खटका (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) पुढे धावत असतानाच, पुरता थांबायच्या आत, गोळी पेटते. मागे येणाऱ्या धक्क्याचा काही भाग आधी त्या पुढच्या धावेला थांबवण्यातच खर्च होतो, आणि उरलेला तेवढा मागे येतो. समोरून येणाऱ्याला धक्का देऊन थांबवावं, तसं.

मी म्हटलं, हातोड्यालाही हेच करू. घाव पडला की काँक्रीटचा ठोकळा गादीवर खाली जाणार, वर येणार, असा झोके घेणार. पुढचा घाव पडताना ठोकळा वर येत असेल तर घाव आणि झोका एकमेकांना खातील. म्हणजे पाव सेकंदात अर्धा झोका व्हावा, नाहीतर दीड. अर्ध्यासाठी फार मऊ बैठक लागते. दीड झोका म्हणजे सेकंदाला सहा झोके. ठोकळा गादीवर किती मिलिमीटर बसतो त्याचं वर्गमूळ काढून 15.8 ला भागलं की सेकंदाला झोके मिळतात, हा स्प्रिंगचा जुना हिशेब. सहासाठी सातएक मिलिमीटर दबायला हवं.

कोळसा खाणीतून भंगारात आलेल्या कन्व्हेअरच्या रबरी पट्ट्याचे तुकडे एकावर एक रचून गाद्या केल्या. तिकाटणं उभं करून, चेनपुलीनं ठोकळा उचलून, खाली गाद्या सरकवल्या. ठोकळा सहा मिलिमीटर दबला. सेकंदाला 6.4 झोके. दीडच्या जवळ. मी खूष होतो.

चालू केल्यावर पहिल्या दहा घावांतच हॅमर नाचायला लागला. सांडशीत धरलेली पास ऐरणीवरून उडाली. शेजारून म्हातारी बाहेर आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आधी भांडे नाचे, आता मीच नाचतो."

नेमकं काय झालं

कुणी म्हणालं गाद्या पातळ, कुणी म्हणालं जाड. मी रात्री वह्या काढल्या आणि प्रत्येक वेळी हिशेब बरोबरच आला. शेवटी मोजायचं ठरवलं, जे मी आधीच करायला हवं होतं. मोटर बंद ठेवून हॅमरचं डोकं हातानं उचलून एकदाच सोडलं. ठोकळ्यावर मोबाईल चिकटवलेला, त्यात कंपनांचा आलेख काढणारं ॲप. आलेखावर झोके मोजले तर सेकंदाला आठ. 6.4 नव्हेत.

रबर सावकाश दाबलं तर एक वागतं, पटकन हलवलं तर दुसरं. ठोकळा ठेवल्यावर सहा मिलिमीटर बसला तो आरामात बसला. सेकंदाला आठ वेळा हलवायला गेलं की तेच रबर जवळपास दीडपट कडक होतं. जहाजावर यंत्रांखालचे रबरी माउंट बदलताना त्यांच्या कागदावर 'स्थिर' आणि 'गतिमान' असे दोन वेगळे आकडे असायचे. मी ते वर्षानुवर्षं पाहिले होते आणि एकदाही विचारलं नव्हतं की दोन का.

आठ झोके आणि चार घाव. म्हणजे दर घावाच्या मधे बरोब्बर दोन पूर्ण झोके. मला घाव पडताना ठोकळा वर येताना हवा होता. तो नेमका खाली जाताना सापडत होता, दर वेळी. पाळण्यातल्या पोराला योग्य क्षणी ढकलावं तसा हातोडा ठोकळ्याला ढकलत होता. रबर झोका फार कमी शमवतं. दोन झोक्यांनंतरही निम्म्याहून थोडा जास्त झोका शिल्लक राहत असावा असं आलेख सांगत होता. घावागणिक निम्मं शिल्लक राहिलं तर साचून साचून दुप्पट होतं. आलेखातही जवळपास दुप्पटच दिसलं.

ओर्लिकोनची युक्ती चुकीची नव्हती. पण ती ज्या तोफेत चालते तिथे खटका, स्प्रिंग आणि पेटण्याचा क्षण हे एकमेकांना बांधलेले असतात. माझ्याकडे भंगारातलं रबर होतं, खात्याच्या पायाखाली पायडल होतं आणि लाईट कमी-जास्त झाली की मोटरचा वेगही बदलत होता. इतक्या नाजूक जुळणीवर गावातलं यंत्र उभं करणं हीच खरी चूक. झोका कोणत्या क्षणी आहे यावर भरवसा न ठेवता तो मारून टाकायला हवा होता.

नवी बैठक

दुसऱ्या वेळी ठोकळा मोठा घेतला: सहा फूट बाय चार बाय दोन. काँक्रीट सव्वातीन टन, यंत्र धरून चार टनांच्या वर. जड ठोकळ्याला तोच घाव कमी वेग देतो. 50 किलोचं डोकं सेकंदाला तीन मीटर वेगानं पडतं असं धरलं, तर चार टनांचा ठोकळा सेकंदाला चार सेंटिमीटरहून कमी वेगानं हलतो.

खाली रबर नको, पोलादी स्प्रिंगा. पोलाद सावकाश दाबा की झपाट्यानं, सारखंच वागतं. नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत आठ स्प्रिंगा बनवून घेतल्या, प्रत्येकीवर अर्धा टन, आणि त्या भारानं 28 मिलिमीटर दबतील अशा. म्हणजे सेकंदाला तीन झोके. घावानं ठोकळा फार तर दोन मिलिमीटर हलणार. सेकंदाला दोन झोके केले असते तर अजून बरं, पण त्याला 62 मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगा लागल्या असत्या. इतक्या मऊ बैठकीवर माणूस टेकला तरी यंत्र कलंडल्यासारखं वाटतं.

ऐरणीचा मध्य आठही स्प्रिंगांच्या मध्यावर बरोबर यायला हवा, यावर मी हट्ट धरला. जुन्या बसवणीत तो बोटभर सोडा, वीतभर बाहेर होता. घाव मध्याबाहेर पडला की ठोकळा खाली जाण्याऐवजी डुलतो. तोफेतही नळीची रेषा आणि मागे सरकणाऱ्या भागाचं वजन एका ओळीत ठेवण्यासाठी आराखडेवाले जीव काढतात, नाहीतर दर गोळ्याला नळी मान झटकते आणि पुढचा गोळा भलतीकडे जातो. तोफेची बैठक एकाच दिशेला मऊ असते, नळीच्या रेषेत. बाकी सगळ्या दिशांना दगडासारखी. ठोकळ्यालाही चारही बाजूंनी लोखंडी टेकू दिले, ग्रीस लावून, म्हणजे तो फक्त वर-खाली जाईल.

राहिला झोका मारणं. इथे पुन्हा एकदा फसलो, पण थोडक्यात. ट्रकचे जुने शॉकअब, म्हणजे धक्का जिरवणारी तेलाची नळकांडी, चार कोपऱ्यांना लावले. काहीच फरक नाही! शॉकअबच्या दोन्ही टोकांच्या भोकांत रबरी बुश, म्हणजे कडी, असतात, आणि आमचा ठोकळा हलतो दोन मिलिमीटर. ते दोन मिलिमीटर बुशच खाऊन टाकत होते, आतल्या तेलापर्यंत काही पोहोचतच नव्हतं. रस्त्यावरच्या खड्ड्यात चाक इंच-दोन इंच उडतं तिथे ते बुश कुणाच्या लक्षात येत नाहीत.

मग खात्यानं स्वतः डबे बनवले. जाड पाइपचा डबा, तळ वेल्डिंगनं बंद, जमिनीला पक्का. आत वीस सेंटिमीटर व्यासाचा, दहा सेंटिमीटर जाडीचा लोखंडी दट्ट्या, ठोकळ्याला पक्का, मधे कुठेही रबर नाही. डब्यात 140 नंबरचं गिअर ऑइल. दट्ट्या खाली जायला लागला की तेलाला भिंतीच्या फटीतून वर पिळून निघावं लागतं, आणि ती फट म्हणजे सगळा खेळ. फट निम्मी केली तर अडथळा आठपट होतो, कारण तो फटीच्या घनावर चालतो. हिशेबानं चार मिलिमीटर आली. खात्याला मी म्हटलं चार म्हणजे चार, तीन नाही आणि पाच नाही. तो हसला, म्हणाला, "काकाजी, मी पास घडवतो, सोनं नाई." पण खराद करून घेऊन आला तेव्हा चारही दट्टे मापात होते.

तोफेच्या सिलिंडरमध्ये ही फट जागच्या जागी बदलते. तोफ सुरुवातीला वेगानं मागे येते, शेवटी हळू. भोक तेवढंच ठेवलं तर सुरुवातीला जोर फार आणि शेवटी काहीच नाही. म्हणून आतला दांडा निमुळता करतात किंवा भिंतीत उतरत्या खाचा पाडतात. तोफ मागे सरकते तशी वाट अरुंद होत जाते आणि मागे येण्याच्या पूर्ण अंतरात जोर जवळपास सारखा राहतो. दोन मिलिमीटरसाठी मला त्याची गरज नव्हती.

आधी मोटर बंद ठेवून एकच घाव. आलेखात ठोकळा खाली गेला, वर आला, जरा थरथरला आणि थांबला. मग मोटर. पाव सेकंदानंतर जुन्या झोक्याचा तिसरा हिस्सा उरतो, आणि तोही अशा क्षणी की नव्या घावात फारशी भर घालत नाही. खात्याला मुद्दाम पायडल हळूहळू दाबायला लावलं, कारण मिनिटाला 180 च्या आसपास एका घावाला एक झोका बसतो आणि सगळ्यात वाईट तेच. तिथे ठोकळा जरा जास्त हलला, साधारण सव्वापट. नाचला नाही. म्हातारीच्या भिंतीवर फोन टेकवून मोजलं तर कंपन आधीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आलं होतं.

एक गोष्ट मात्र खात्याला नीट समजावावी लागली, कारण त्याला वाटायला लागलं की चांगल्या बैठकीनं धक्का नाहीसाच होतो. हातोड्याच्या बाबतीत ते पुष्कळसं खरं आहे. डोकं खाली पडतं आणि यंत्र तेच पुन्हा वर उचलतं, बाहेर काही जात नाही. तोफेचा गोळा निघून जातो, परत येत नाही. आपल्या जहाजांवर रशियन बनावटीची एके-630 असते, सहा नळ्यांची 30 मिलिमीटरची, मिनिटाला चार ते पाच हजार गोळे. गोळा 390 ग्रॅम, वेग नऊशेच्या जवळ. सेकंदाला 75 गोळे धरले तर नुसत्या गोळ्यांचाच सरासरी रेटा पावणेतीन टनांच्या आसपास येतो. दोन गोळ्यांत तेरा हजारांश सेकंद. एवढ्यात बैठकीला झुलायला वेळच मिळत नाही. सगळे धक्के एकमेकांत मिसळून एक सलग रेटा होतो आणि तो डेकनं सोसायचाच असतो. कुठलीही स्प्रिंग, कुठलंही तेल तो कमी करू शकत नाही. फक्त गुळगुळीत करू शकतं.

पावसाळ्यात, ठोकळा ज्या खड्ड्यात बसवला होता त्यात पाणी भरलं. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, आणि फुगलेली माती खड्ड्याच्या भिंती आत ढकलते. खड्ड्याला वीटकाम होतं, तरी एका बाजूनं आत आलं आणि टेकू घासायला लागला. दिवाळीनंतर ती बाजू पाडून मुरूम भरला, निचऱ्याला एक नळी काढली. हे आधीच करायला हवं होतं. जहाजावर माती नसते, म्हणून सुचलं नाही, एवढंच कारण देतो.

जानेवारीत वेगळंच. पहाटे आठ-दहा अंशांवर 140 नंबरचं तेल काकवीसारखं होतं. मे महिन्यात 45 अंशांत ते पाण्यासारखं नाही पण बरंच पातळ. फट चाळीस अंशांच्या हिशेबानं काढली होती. थंडीत डबे इतके कडक होतात की पहिली दहा-पंधरा मिनिटं धक्का सरळ जमिनीत जातो. म्हातारीच्या ते लगेच लक्षात आलं. आता खाती सकाळी आधी भट्टी पेटवतो, डब्यांशेजारी निखाऱ्याच्या दोन घमेल्या ठेवतो आणि चहा पिऊन मग हॅमर लावतो. तेलाचं तापमान पाहून मग मारा करायचा हे आम्ही जहाजावरही करायचो; घमेल्या नव्हत्या एवढाच फरक.

परवा तो पुन्हा आला. पुली बदलून मिनिटाला 300 घाव करायचे म्हणतो, मृगाच्या आधी. मी वही काढली. सेकंदाला पाच घाव, दोन घावांत पाव सेकंदाऐवजी पंचमांश सेकंद, त्यात झोक्याचा सहा दशांश भाग. घाव पडताना ठोकळा वर येत असतो. बैठकीला उलट सोपंच जाईल. पण डोकं जास्त वेगानं पडेल, आणि वरचे कमानपट्टे जुने आहेत. ते तुटले तर पहिला तुकडा त्याच्याच अंगावर येईल. मी म्हटलं, आधी पट्टे काढून दाखव, मला चिरा पाहायच्या आहेत.

"म्हंजे पुली नाई?"

"पट्टे दाखव. मंग पुली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टे माझ्या ओट्यावर आणून ठेवलेले होते, रॉकेलनं धुतलेले. खालून तिसऱ्या पट्ट्याला मधल्या बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत केसाएवढी रेघ गेलेली होती.